कृपादानं कशी समजून घ्यावीत: मंडळीत नव्याने आलेल्यांसाठी

मंडळीत येऊ लागल्यावर काही महिन्यांतच कोणीतरी विचारतं, "तुमचं कृपादान कोणतं?" कृपादान म्हणजे इतरांच्या सेवेसाठी पवित्र आत्म्याने विश्वासणाऱ्याला दिलेलं दान. विचारणाऱ्याच्या मनात आपुलकीच असते, पण नवा माणूस गोंधळून जातो. कोणी अन्य भाषांत, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषेत, प्रार्थना करत असतं, कोणी आजाऱ्यांवर हात ठेवत असतं, कोणी वचन असं उलगडून सांगतं की सगळे खिळून ऐकतात. आपल्याकडे यातलं काहीच नाही असं वाटून माणूस हळूहळू मागच्या बाकावर सरकतो. हा लेख त्या मागच्या बाकावरच्या माणसासाठी आहे.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. आपल्या मनात डोकावत बसून कृपादान सापडत नाही. शेजारच्या माणसाला काय हवंय हे बघून, त्यासाठी हात पुढे केला की ते हळूहळू दिसू लागतं, आणि बऱ्याचदा आपल्याआधी ते इतरांना दिसतं. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

आधी चार उतारे वाचा, आणि या क्रमाने

कृपादानांवरची पुस्तकं, व्हिडिओ, प्रश्नावल्या यांच्याकडे वळण्याआधी बायबलमधले मूळ उतारे वाचून काढा. मुख्य उतारे चारच आहेत.

सुरुवात १ पेत्र ४:७-११ (पेत्राचं पहिलं पत्र, चौथा अध्याय, वचनं ७ ते ११) पासून करा. बहुतेक जण थेट १ करिंथ १२ उघडतात आणि तिथल्या यादीत अडकतात. पेत्राचा उतारा लहान आहे आणि त्यात दानांचे दोनच मोठे गट आहेत: बोलण्याची दानं आणि सेवेची दानं. प्रत्येकाला काही ना काही मिळालेलं आहे, आणि ते एकमेकांच्या सेवेसाठी वापरायचं आहे, कारण आपण देवाच्या कृपेचे कारभारी आहोत, असं तो म्हणतो. कारभाऱ्याच्या हाती असलेली मालमत्ता त्याची नसते. एवढी एक गोष्ट पक्की बसली तरी पुढचे निम्मे गैरसमज टळतात. याच्या लगेच आधी, नवव्या वचनात, कुरकुर न करता पाहुणचार करा असं सांगितलंय, तेही नजरेतून सुटू देऊ नका.

मग रोमकरांस पत्राचा १२वा अध्याय, पहिली आठ वचनं. इथे सात दानं आहेत: संदेश देणं, सेवा, शिकवणं, बोध करणं, दान देणं, पुढारपण करणं आणि दया करणं. सात जणांपैकी चार-पाच जणांचं काम व्यासपीठाशिवायही चालतं, हे बघा. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल शेवटच्या तिघांना काम कसं करायचं तेही सांगतो: देणाऱ्याने हात आखडता न घेता द्यावं, पुढाऱ्याने मन लावून काम करावं, दया करणाऱ्याने ती आनंदाने करावी. आजाऱ्याची शुश्रूषा कपाळाला आठ्या घालून करता येते, आणि आजाऱ्याला त्या आठ्या दिसतात. पौलाला हे ठाऊक होतं.

तिसरा उतारा १ करिंथ १२ ते १४. हे तीन अध्याय एका बैठकीत, सलग वाचा. तेरावा अध्याय लग्नात वाचला जातो म्हणून तो वेगळा काढून ठेवायची सवय लागली आहे, पण तो कृपादानांच्या चर्चेच्या ऐन मध्यावर आहे. प्रीती नसेल तर अन्य भाषा म्हणजे नुसता झांजेचा खणखणाट, हे पौल वधूवरांना सांगत नव्हता. एकमेकांपेक्षा वरचढ होऊ पाहणाऱ्या मंडळीला सांगत होता.

शेवटी इफिसकरांस पत्र ४:१-१६. इथे दानं म्हणून माणसंच दिली आहेत: प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक आणि शिक्षक. (शेवटचे दोन एकच की वेगळे यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, म्हणून कुठे चार तर कुठे पाच मोजले जातात.) या माणसांचं काम काय? सगळ्या पवित्र जनांना सेवेसाठी तयार करणं. म्हणजे पाळकांनी सगळी सेवा एकट्याने करायची आणि आपण बाकावर बसून बघायचं, अशी व्यवस्था इथे नाही.

चारही याद्या शेजारी ठेवल्या की त्या जुळत नाहीत, हे लक्षात येईल. १ करिंथच्या १२व्या अध्यायातच दोन याद्या आहेत, आठव्या ते दहाव्या वचनात नऊ दानं आणि २८व्या वचनात आठ, आणि त्याही एकमेकींशी पूर्ण जुळत नाहीत. याच पत्राच्या सातव्या अध्यायात पौल अविवाहित राहण्यालाही देवाने दिलेलं दान म्हणतो, ते कुठल्याच यादीत नाही. यावरून मला एवढंच दिसतं की पौल संपूर्ण सूची करायला बसलाच नव्हता. समोरच्या मंडळीला समजेल अशी उदाहरणं तो देत होता. तेव्हा "बरोबर किती कृपादानं आहेत?" यावर कोणी तुमच्याशी वाद घालू लागलं तर त्यात फार वेळ घालवू नका.

करिंथमध्ये काय बिघडलं होतं

इथे थोडं थांबते, कारण करिंथची मंडळी समजली की विषय समजतो.

करिंथ हे दोन बंदरांचं, व्यापाराचं शहर. इसवी सनापूर्वी १४६ मध्ये रोमनांनी ते उद्ध्वस्त केलं आणि इसवी सनापूर्वी ४४ मध्ये जुलियस सीझरने तिथे नवी रोमन वसाहत वसवली. नव्या वसाहतीत पैसा आणि नाव कमावून वर चढायला वाव होता, आणि कोण कोणाच्या वर हे सतत मोजलं जायचं. पौल तिथे आला तेव्हा अक्विला आणि प्रिस्किल्ला या दांपत्याबरोबर तंबू करण्याचं काम करत दीड वर्ष राहिला. प्रेषितांची कृत्ये १८मध्ये ज्या गल्लियो नावाच्या सुभेदारापुढे त्याला उभं केलं, त्याचा उल्लेख डेल्फी इथे सापडलेल्या शिलालेखात आहे. त्यावरून हा काळ इसवी सन ५१च्या आसपासचा ठरतो. पुढे काही वर्षांनी इफिसमध्ये असताना करिंथमधल्या बातम्या त्याच्या कानावर आल्या आणि त्याने हे पत्र लिहिलं.

त्या बातम्या काय होत्या? मंडळीत गट पडले होते, कोणी पौलाचे, कोणी अपुल्लोचे, कोणी केफाचे (म्हणजे पेत्राचे). बांधव एकमेकांना कोर्टात खेचत होते. प्रभुभोजनाला एक जण उपाशी राहायचा आणि दुसरा पिऊन तर्र व्हायचा. आणि याच मंडळीबद्दल पौल पहिल्या अध्यायात लिहितो की तुम्ही कोणत्याही कृपादानात उणे नाही.

हे दोन्ही एकत्र ठेवून बघा. दानं सगळी होती, तरी तिसऱ्या अध्यायात तो त्यांना ख्रिस्तातली तान्ही बाळं म्हणतो. म्हणजे कृपादान हा आत्मिक परिपक्वतेचा दाखला नाही. एखाद्याच्या प्रार्थनेने आजारी बरा होतो, म्हणून त्याचा स्वभाव, त्याचे पैशांचे व्यवहार, घरच्यांशी वागणं सगळं ठीकच असेल असं धरून चालू नका. प्रभू येशूनेही मत्तय ७मध्ये सांगितलंय की त्याच्या नावाने संदेश दिलेले, भुतं काढलेले, अद्भुतं केलेले कित्येक त्या दिवशी पुढे येतील आणि तो त्यांना म्हणेल, मला तुमची कधीच ओळख नव्हती. नव्या विश्वासणाऱ्याला हे लवकर कळावं असं मला फार वाटतं, कारण दान बघून माणसावर डोळे झाकून विश्वास टाकणारे पुढे फार दुखावले जातात. आणि काही जण माणसाबरोबर प्रभूलाही सोडून जातात.

परिपक्वता कशात दिसते? गलती ५:२२-२३मध्ये आत्म्याचं फळ सांगितलंय: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. दानं माणसागणिक वेगळी असतात. फळ मात्र प्रत्येकात यायलाच हवं. "मला सहनशीलतेचं दान मिळालेलं नाही" असं म्हणायची सोय नाही.

करिंथकरांना पौल शरीराचं उदाहरण देतो. पाय म्हणतो, मी हात नाही म्हणून मी शरीराचा नाही. डोळा हाताला म्हणतो, मला तुझी गरज नाही. बहुतेक प्रवचनांत दुसऱ्या वाक्यावर, म्हणजे गर्वावर, भर असतो. पण पौल सुरुवात पहिल्या वाक्यापासून करतो. मंडळीत डोळ्याच्या तोऱ्यापेक्षा पायाची निराशा जास्त आढळते, आणि ती कोणाला दिसतही नाही, कारण निराश माणूस काही बोलत नाही, फक्त यायचा थांबतो.

कोणत्या गोष्टी एकमेकींत मिसळू नयेत

पहिली जोडी, उपजत गुण आणि कृपादान. काहींच्या मते या दोहोंत स्पष्ट रेघ आहे: गाता गळा जन्माने मिळतो, कृपादान विश्वास ठेवल्यावर. मला ती रेघ इतकी ठळक वाटत नाही. निर्गम ३१मध्ये देवाने बसालेलला आपल्या आत्म्याने भरलं ते सोनं, चांदी, पितळ, दगड आणि लाकूड यांवर कलाकुसर करायला. आपले गुणही देवाचेच आहेत. ते मंडळीच्या उभारणीसाठी त्याच्या हाती दिले आणि त्यातून लोकांचा विश्वास वाढला, तर त्याला कृपादान म्हणायला काय हरकत आहे? फक्त एक सावधगिरी ठेवा: बँकेत अधिकारी आहे म्हणून मंडळीचा खजिनदार, शाळेत शिक्षिका आहे म्हणून संडे स्कूल, अशी सरसकट वाटणी करू नका. आठवडाभर मुलांना शिकवून दमलेल्या बाईंना देवाने आजाऱ्यांच्या भेटीसाठी तयार केलेलं असू शकतं.

दुसरी जोडी, दान आणि पद. वडील, डीकन, कमिटीचा सभासद ही पदं आहेत. शिकवण्याचं दान असलेली व्यक्ती कोणत्याही पदावर नसू शकते. प्रेषितांची कृत्ये १८मध्ये प्रिस्किल्ला आणि अक्विला अपुल्लोसारख्या पट्टीच्या वक्त्याला जवळ घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगतात. तिथे त्यांचं कुठलंही पद सांगितलेलं नाही.

तिसरी गोष्ट कॅथलिक वाचकांना लागू आहे. दृढीकरणाच्या तयारीत पवित्र आत्म्याची सात दानं शिकवली जातात: सुज्ञता, समज, सल्ला, धैर्य, ज्ञान, भक्ती आणि देवाचं भय. ती यशया ११वरून आलेली आहेत आणि प्रत्येक विश्वासणाऱ्याच्या पवित्रीकरणासाठी आहेत. पौल सांगतो ती दानं इतरांच्या सेवेसाठी वेगवेगळ्या लोकांना वाटून दिलेली आहेत. दोन्ही याद्या एक समजून वाचल्या तर गोंधळ होतो.

तीन दानं, ज्यांबद्दल सगळ्यात जास्त प्रश्न येतात

साहाय्य, दान देणं, दया, पाहुणचार, व्यवस्था पाहणं यांचा अर्थ फार उलगडावा लागत नाही. अडतं ते अन्य भाषा, संदेश आणि आरोग्य इथे.

अन्य भाषांचे दोन प्रसंग वेगळे आहेत. पन्नासाव्या दिवशी (पेंटेकॉस्टच्या सणाला), प्रेषितांची कृत्ये २मध्ये, यरुशलेमेत जमलेल्या निरनिराळ्या देशांच्या लोकांना शिष्यांचं बोलणं आपापल्या भाषेत ऐकू आलं. करिंथमध्ये मात्र बोललेलं कोणालाच कळत नव्हतं, म्हणून अर्थ सांगणाऱ्याची गरज होती. पौल स्वतः अन्य भाषा बोलत होता आणि त्याने त्या बोलायला मनाई करू नका असंच लिहिलं. पण मंडळीत अन्य भाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा समजणारे पाच शब्द त्याला अधिक मोलाचे वाटत होते. त्याने घालून दिलेले नियम १ करिंथ १४:२७-२८मध्ये आहेत: दोघांनी किंवा फार तर तिघांनी बोलावं, एकामागून एक बोलावं, आणि अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत गप्प राहून स्वतःशी व देवाशी बोलावं.

प्रत्येक विश्वासणाऱ्याला अन्य भाषा यायलाच हव्यात का? पौल विचारतो, सगळेच अन्य भाषा बोलतात काय? प्रश्नाच्या ढंगावरून उत्तर "नाही" असंच अपेक्षित आहे. अनेक पेंटेकॉस्टल मंडळ्या (आत्म्याच्या दानांवर विशेष भर देणाऱ्या) इथे एक फरक करतात. त्यांच्या मते मंडळीत वापरायचं हे दान सगळ्यांना नसतं, पण पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा झाल्याची पहिली खूण म्हणून प्रत्येक जण अन्य भाषेत बोलतो. इतर मंडळ्यांना हे मान्य नाही. तुमची मंडळी काय शिकवते ते पाळकांना मोकळेपणाने विचारा. मात्र कोणी तुम्हाला अमुक शब्द भरभर म्हणत राहा म्हणजे भाषा येईल असं सांगून भरीस घालत असेल, तर नम्रपणे थांबा. आत्मा हे दान आपल्या इच्छेप्रमाणे वाटून देतो, असं १ करिंथ १२:११ सांगतं. ते ओढूनताणून आणायची गरज नाही.

संदेश म्हणजे फक्त पुढे काय घडणार हे सांगणं नव्हे. १ करिंथ १४:३प्रमाणे त्याने लोकांची उन्नती व्हावी, त्यांना उत्तेजन आणि सांत्वन मिळावं. भविष्य सांगण्याचं उदाहरणही आहे: अगब नावाच्या संदेष्ट्याने मोठा दुष्काळ पडणार असं सांगितलं, आणि ऐकणाऱ्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी काढून यहूदीयातल्या बांधवांना मदत पाठवली. संदेशातून काय निष्पन्न झालं ते इथे बघण्यासारखं आहे. तो ऐकून लोक उपाशी माणसांच्या मदतीला धावले. फिलिप्पाच्या चार मुलीही संदेश देत असत, हे प्रेषितांची कृत्ये २१मध्ये नोंदलेलं आहे.

आरोग्याबद्दल अगदी स्पष्ट लिहायला हवं. आजाऱ्यासाठी प्रार्थना जरूर करा, याकोब ५मध्ये मंडळीच्या वडिलांना बोलावून तेल लावून प्रार्थना करायला सांगितलं आहे. पण औषध थांबवू नका आणि दुसऱ्याला थांबवायला सांगू नका. ज्या पौलाच्या हातून लोक बरे झाले, त्यानेच आपला सोबती त्रफिम याला मिलेत शहरात आजारी असताना मागे ठेवलं. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला वारंवार होणाऱ्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. त्याच्या स्वतःच्या देहातला काटा तीनदा विनवूनही निघाला नाही. तेव्हा कोणी बरं झालं नाही तर "तुझा विश्वास कमी पडला" हे वाक्य आजाऱ्याच्या उशाशी कधीही उच्चारू नये. आधीच खचलेल्या माणसावर आणखी एक ओझं चढवण्याचा आपल्याला अधिकार नाही.

मंडळ्यांमध्ये एकमत का नाही

अन्य भाषा, संदेश, आरोग्य अशी अद्भुत दानं आजही मिळतात का, हा वाद जुना आहे. दुसऱ्या शतकात फ्रुगियात (आजच्या तुर्कस्तानात) मोंतान आणि त्याच्याबरोबरच्या दोन संदेष्ट्या स्त्रियांनी नव्या संदेशांची चळवळ सुरू केली आणि मुख्य मंडळीने ती नाकारली. चौथ्या शतकाच्या अखेरीस प्रसिद्ध उपदेशक क्रिसोस्तोम करिंथकरांस पत्रावर बोलताना म्हणाला की हा भाग आपल्याला अस्पष्ट वाटतो, कारण तेव्हा घडायच्या त्या गोष्टी आता घडत नाहीत. हिप्पोचा बिशप अगस्तीन याचंही सुरुवातीला तसंच मत होतं, पण उतारवयात त्याने हिप्पोमध्ये दोन वर्षांच्या आत झालेल्या जवळजवळ ७० अद्भुतांच्या नोंदी झाल्याचं लिहून ठेवलं.

पुढे १९१८मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टनचे ईश्वरविज्ञानाचे प्राध्यापक बी. बी. वॉरफिल्ड यांनी मांडलं की अद्भुत दानं प्रेषितांची साक्ष पटवण्यासाठी होती आणि त्यांच्याबरोबर ती थांबली. आजही अनेक सुधारित (रिफॉर्म्ड) मंडळ्या हे मानतात. दुसरीकडे १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या देखरेखीखाली संजीवन (आत्मिक जागृती) झालं, आणि १९०६मध्ये लॉस एंजलिसच्या अझूसा स्ट्रीटवर विल्यम सीमोर यांच्या सभा सुरू झाल्या. सीमोर हे गुलामगिरीतून मुक्त झालेल्या आईवडिलांचे चिरंजीव. या सभांच्या काही महिने आधी वर्णभेदाच्या नियमांमुळे त्यांना बायबलचे धडे वर्गाबाहेर बसून ऐकावे लागले होते, आणि त्यांच्याच सभांत काळे-गोरे शेजारी बसून प्रार्थना करू लागले. १९६०च्या दशकात अद्भुत दानांवर भर देणारी हीच लाट अँग्लिकन परंपरेतल्या मंडळ्यांत आणि १९६७पासून कॅथलिकांतही पोचली. त्याआधी, १९६३मध्ये, कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत कार्डिनल रुफिनी म्हणाले होते की ही दानं मुख्यतः आरंभीच्या मंडळीसाठी होती. कार्डिनल सुएनेन्स यांनी त्यांना उत्तर दिलं की ती आजच्या सामान्य विश्वासणाऱ्यांसाठीही आहेत. परिषदेने १९६४मध्ये सुएनेन्स यांच्या बाजूचा विचार स्वीकारला आणि दानं पारखण्याची जबाबदारी मंडळीच्या पुढाऱ्यांवर ठेवली.

नव्या माणसाने इथे लगेच बाजू घ्यायची घाई करू नये. दोन्हीकडे वचनावर मनापासून प्रेम करणारी माणसं आहेत. आणि सेवा, दया, शिक्षण, बोध, दान देणं ही कृपादानं आजही आहेत यावर दोन्ही बाजूंचं एकमत आहे. सुरुवात करायला तेवढी पुरेशी आहेत.

आता प्रत्यक्ष सुरुवात

पहिलं पाऊल, मंडळीत काय कमी पडतंय ते काही रविवार शांतपणे बघा. उपासना संपल्यावर लगेच निघू नका. कोण एकटं उभं आहे, कोणाला पायऱ्या उतरताना हात हवाय, कोणता तरुण मुलगा तीन रविवार आला आणि कोणाशी न बोलता गेला. तुमची नजर आपोआप कुठे जाते हेही टिपा. एकाला हिशोबाचा घोळ दिसतो, दुसऱ्याला रडवेला चेहरा दिसतो, तिसऱ्याला वचनाचा चुकीचा लावलेला अर्थ खटकतो. जे तुम्हाला दिसतं पण इतरांच्या नजरेतून सुटतं, तिथे बहुधा काहीतरी आहे.

दुसरं पाऊल, छोटं काम हाती घ्या, आणि ठरलेल्या मुदतीपुरतं. "मी तीन महिने संडे स्कूलमध्ये मदत करीन" असं सांगितलं की नाही जमलं तरी कोणाचं मन न दुखावता थांबता येतं. दोन-तीन वेगळ्या प्रकारची कामं करून बघा, एक बोलण्याचं, एक हातांनी करायचं, एक माणसांना भेटण्याचं. खुर्च्या लावणं, चहा देणं ही कामं दान सापडेपर्यंतची तात्पुरती सोय समजू नका. प्रेषितांची कृत्ये ६मध्ये विधवांच्या रोजच्या वाटपासाठी सात जण निवडले, तेव्हाही अट हीच होती की ते पवित्र आत्म्याने आणि ज्ञानाने पूर्ण असावेत.

तिसरं पाऊल सगळ्यात महत्त्वाचं: इतरांना विचारा. आमच्या मंडळीत एक मावशी आहेत. त्या कधी पुढे उभ्या राहून बोललेल्या नाहीत, प्रार्थना सभेतही एक-दोन वाक्यांपलीकडे जात नाहीत. त्यांच्याकडे एक जुनी वही असते. रविवारी कोण आलं नाही त्यांची नावं त्या वहीत लिहितात आणि सोमवारी दुपारी एकेकाला फोन करतात. "काल दिसला नाहीस, बरं आहे ना?" एवढंच. नोकरी गेल्याचं महिनाभर घरच्यांपासून लपवलेल्या एका माणसाने पहिल्यांदा ते सांगितलं ते या मावशींना, असल्याच एका फोनवर. त्यांना कोणी विचारलं की तुमचं कृपादान कोणतं, तर त्या म्हणतात, "अगं, मला कुठलं आलंय दान." पण मंडळीत कोणालाही विचारा, सगळे त्यांचंच नाव घेतील. म्हणून तुम्हाला ओळखणाऱ्या, आणि खोटं न बोलणाऱ्या, तिघा-चौघांना विचारा: माझ्या कोणत्या गोष्टीमुळे तुम्हाला प्रभूकडे जायला मदत झाली? "मी कशात चांगला आहे?" असं विचारू नका, त्याला उत्तर म्हणून कौतुक मिळतं, माहिती मिळत नाही.

प्रश्नावल्यांचं काय? कृपादानं ओळखण्याच्या प्रश्नावल्या १९७०च्या दशकापासून बऱ्याच ठिकाणी वापरल्या जातात. भरायला हरकत नाही, पण त्यांतून तुमची स्वतःबद्दलची समजूत आणि आवड कळते, याहून फार नाही. ज्याने कधीच कोणाला शिकवलं नाही त्याला "तुम्हाला शिकवण्यात समाधान मिळतं का" याचं उत्तर कुठून ठाऊक असणार? काम आधी करा, प्रश्नावली नंतर भरा.

चौथं, प्रार्थनेत दान मागा. मागणं म्हणजे हाव नव्हे. १ करिंथ १४:१मध्ये प्रीती हे ध्येय ठेवून आत्मिक दानांची उत्कंठा बाळगायला सांगितलं आहे. मागताना कोणासाठी हवंय तेही प्रभूला सांगा: "शेजारच्या आजोबांना रोज एकटं बसलेलं बघवत नाही, त्यांच्याशी कसं बोलावं ते मला शिकव."

आणि मिळालेलं वापरात ठेवा. पौलाने तीमथ्याला दोन्ही पत्रांत हेच बजावलं, एकदा दानाकडे दुर्लक्ष करू नको म्हणून आणि एकदा ते पुन्हा प्रज्वलित कर म्हणून. शिकवण्याचं दान असेल तर अभ्यास करावाच लागतो. आत्मा बोलायला देईल म्हणून तयारी न करता उभं राहणं हा ऐकणाऱ्यांवर अन्याय आहे.

कोणी म्हणालं, "प्रभूने मला तुझ्यासाठी सांगितलंय"

हा प्रसंग नव्या माणसावर लवकर येतो, म्हणून तयारी असू द्या. १ थेस्सलनीका ५:१९-२१ तीन गोष्टी एका दमात सांगतं: आत्म्याला विझवू नका, संदेशांचा धिक्कार करू नका, आणि सगळं पारखून चांगलं ते धरा. पारखणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे. करिंथच्या मंडळीतही दोघा-तिघा संदेष्ट्यांनी बोलावं आणि इतरांनी ते पारखावं, असा नियमच होता.

सांगितलेलं लिहून ठेवा आणि लगेच उत्तर देऊ नका. ते वचनाशी जुळतं का, ख्रिस्ताचा मान वाढवतं का, हे बघा. तुम्हाला नीट ओळखणाऱ्या एखाद्या जुन्या विश्वासणाऱ्याला दाखवा. लग्न, नोकरी, घर, पैसा किंवा ऑपरेशन यांबद्दलचा निर्णय केवळ दुसऱ्याच्या संदेशावर कधीही घेऊ नका. प्रभूला तुम्हाला काही सांगायचं असेल तर तो तुम्हालाही सांगेल, आणि त्यासाठी वेळही देईल. संदेशाबरोबर पैसे मागितले, हे कोणाला सांगू नकोस अशी अट घातली, किंवा ऐकलं नाहीस तर वाईट होईल अशी भीती घातली, तर तिथून बाजूला व्हा आणि ही गोष्ट पाळकांच्या कानावर घाला. पाळकच तसं करत असतील तर वडीलजनांना सांगा. शिमोन जादूगाराने पैसे देऊन पवित्र आत्म्याचं सामर्थ्य विकत घ्यायचा प्रयत्न केला, तेव्हा पेत्राने त्याला तिथल्या तिथे खडसावलं होतं. देवाच्या दानाला किंमत लावणं तेव्हाही सहन केलं गेलं नव्हतं.

तुम्हालाच कोणासाठी काही सुचलं, तर "प्रभू म्हणतो" असा शिक्का मारू नका. "प्रार्थना करताना मला असं वाटलं, तुम्ही पारखून बघा" एवढं म्हणा. खरं असेल तर तेवढ्यानेही ते पोचतं.

वर्ष झालं, तरी काहीच सापडलं नाही तर

असं होतं, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. काही वेळा घरातलं आजारपण, लहान मूल, नोकरीच्या पाळ्या यांमुळे मंडळीच्या कामाला वेळच उरत नाही. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं करणारी सून दया करण्याच्या दानाने सेवा करत नाही असं कोण म्हणेल? यापोतली टबीथा विधवांसाठी कपडे शिवायची. ती वारली तेव्हा त्या विधवा रडत पेत्राला ते अंगरखे दाखवत होत्या. तिच्या दानाचं नाव बायबलमध्ये कुठेच दिलेलं नाही, फक्त तिने शिवलेले कपडे सांगितलेत.

काही वेळा अडचण मंडळीची असते. सगळी कामं त्याच चार घरांत फिरत असतील, तर नव्या माणसाला जागा मिळत नाही. अशा वेळी रुसून बसण्याऐवजी पाळकांची वेळ मागून घ्या आणि नेमकं सांगा. "मला काहीतरी सेवा द्या" असं मोघम म्हटलं की "बघू" असंच उत्तर येतं. त्यापेक्षा म्हणा, "पाळकसाहेब, हॉस्पिटलमध्ये असलेल्या आपल्या लोकांना भेटायला मी दर शनिवारी दोन तास देऊ शकतो. पहिल्या दोन वेळा माझ्याबरोबर अनुभवी कोणीतरी हवं. या शनिवारी कोणाकडे जायचं?"

मग शनिवारी जा. फार वेळ बसू नका, आजाऱ्याला बोलू द्या, एखादं छोटं स्तोत्र वाचा, परवानगी विचारून प्रार्थना करा. निघताना पुन्हा कधी येणार ते सांगा, आणि सांगितलेल्या दिवशी या.